उन्हाळ्याचे पाहुणे आणि गावचा गारवा

गाळप आटोपले, तोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखाला परतल्या. आपल्याच पुसद-महागाव-उमरखेड भागातील तांड्यांवरची जी मंडळी पश्चिम महाराष्ट्रात कोयता घेऊन गेली होती, तीही घरी आली. आता शाळांच्या परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरून पाहुणे येऊ लागतील. कुणाचा मुलगा, कुणाची लेक-जावई, कुणाची नातवंडे. गावोगावी ओसरीवर जादा बाजा पडतील, रांजणाशेजारी दुसरा माठ मांडला जाईल आणि कैऱ्यांचे पन्हे उकळू लागेल.

आम्ही ऊस विकास विभागाची माणसे उन्हातान्हात वावरोवावरी फिरतो. नोंदी घ्याव्या, खोडव्याची पाहणी करावी, पाण्याच्या पाळ्या बघाव्या, असा आमचा उन्हाळा जातो. या दिवसांत प्रत्येक घरी पाहुणा भेटतो आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "शहरात लई गरम होते साहेब, म्हणून पोराबाळांना घेऊन गावी आलो." हे ऐकून आम्हाला आधी नवल वाटायचे. कारण पारा तर उलटेच सांगतो. मे महिन्यात मुंबईचा पारा दुपारी तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतो, पुण्याचा सदतीसच्या आसपास. आपला विदर्भ बेचाळीसच्या घरात जातो आणि पुष्कळदा त्याही पुढे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मग माणूस सदतीस अंशांतून बेचाळीस अंशांत येतो आणि म्हणतो गार वाटले, हे काय गौडबंगाल आहे?

यात गौडबंगाल काही नाही. पाहुणा खोटे बोलत नाही आणि पाराही खोटा नाही. ज्याला आपण गावचा गारवा म्हणतो तो दुपारच्या पाऱ्यात नसतोच. तो रात्रीत असतो, सावलीत असतो, घराच्या भिंतीत असतो आणि पाण्यात असतो. या चार गोष्टी आपल्या बापजाद्यांनी राखल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. त्या आता आपल्या हातून सुटत चालल्या आहेत, म्हणून हा लेख.

रात्र का महत्त्वाची?

शहर दिवसा तापते तसे गावही तापते. फरक पडतो तो दिवस मावळल्यावर. डांबरी रस्ते, सिमेंटचे चौक, एकाला एक लागून उभ्या इमारती ही सगळी दिवसभर ऊन पिऊन घेतात आणि रात्रभर ते बाहेर टाकत राहतात. त्यात घरोघरची थंड हवेची यंत्रे आतली उष्णता बाहेरच्या गल्लीत ओततात. मोकळी माती नाही, झाडे नाहीत, वारा फिरायला जागा नाही. मग पहाटे तीन वाजताही भिंतीला हात लावला तर ती कोमटच लागते.

ही गोष्ट काही आजची नाही. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वी शहरातली आणि शहराबाहेरच्या खेड्यातली तापमाने वर्षानुवर्षे टिपून ठेवली. १८१८ पासून त्याचे पुस्तक छापून आले. त्याच्या नोंदींत दिवसा शहर आणि खेडे यांत फारसा फरक नव्हता, पण रात्री मात्र शहर सुमारे ३.७ अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण निघाले. त्या काळी लंडनमध्ये ना डांबरी रस्ते होते ना थंड हवेची यंत्रे. नुसत्या दाट वस्तीने आणि चुलींनी एवढा फरक पडला. आजच्या पुण्या-मुंबईचा अंदाज यावरून करावा.

आपल्याकडे मात्र आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि जमीन मोकळी. सूर्य मावळला की काळी माती भराभर निवते. दिवसा बेचाळीस-त्रेचाळीस सोसलेला माणूस पहाटे अंगणात गोधडी ओढून घेतो. शरीराला दिवसाचा ताण भरून काढायला रात्रीची गार झोप लागते. ती मिळाली की दुसऱ्या दिवशीचे ऊन सोसवते. पाहुण्याला गार वाटते ते यामुळे. तो दुपारी पंख्याखाली तळमळतो, पण सकाळी ताजातवाना उठतो.

कोरडे ऊन आणि दमट ऊन

दुसरा मुद्दा घामाचा. घाम वाळतो तेव्हा अंग निवते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, म्हणून पस्तीस अंशही जिवावर येतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील एका मोठ्या समारंभात चौदा माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपासच होता. आपल्या मानाने हे ऊन कोवळेच म्हणायचे, पण जीव गेलेच. हवामान खातेही मैदानी भागात चाळीस अंश ओलांडल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करते, पण किनारपट्टीवर सदतीसपासूनच.

आपल्या कोरड्या हवेत माठातले पाणी गार होते, वाळ्याचा तट्टा लावला की खोली निवते, कूलर चालतो. हे सर्व पाणी वाळण्यामुळेच होते. पण याच कोरड्या हवेचा एक दगा आहे, तो पाहुण्यांना सांगितला पाहिजे. आपल्याकडे घाम इतका लवकर वाळतो की तो आलेला कळतच नाही. माणूस म्हणतो, "मला तर घामच नाही", आणि तेवढ्यात अंगातले पाणी कमी होऊन चक्कर येते. म्हणून तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यावे, हा आपल्या आजीचा धाक शास्त्राला धरूनच आहे.

साहेबांची थंड हवा

उन्हाळ्यात थंड जागी जाणे ही जुनीच चाल. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. वऱ्हाडातल्या साहेबांसाठी अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा होते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे, आपले यवतमाळ शहर सुमारे ४५० मीटरवर. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने चिखलदरा यवतमाळपेक्षा चारेक अंशांनी थंड पडते. साहेब चार अंशांसाठी डोंगर चढून जात असे.

आपल्या लोकांनी डोंगर चढला नाही, ते मामाच्या गावाला गेले. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची ती अरुंद रुळांची 'शकुंतला' पुष्कळांना आठवत असेल. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिला एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होते, पुढे डिझेलचे आले. आता ती गाडी बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचे काम चालू झाले आणि त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गाड्या बदलल्या, पण मे महिन्यातली माणसांची दिशा बदलली नाही. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तेव्हा आपल्याकडची पोरे मृग लागून पेरणी होईपर्यंत गावात असतात. पुण्या-मुंबईच्या पोरांना मात्र जूनच्या मध्याआधी परतावे लागते.

ढोरं थंडाईत अन् आम्ही गरमीत

मागच्या उन्हाळ्यात खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही पैनगंगेकाठच्या एका गावी गेलो होतो. सभासद सत्तरी ओलांडलेले. नवे स्लॅबचे घर झालेले, पुढे चकचकीत फरशी. आम्ही चहाला बसलो तर काकाजी उदास. विचारले तर म्हणाले, "पोरगं, सून, दोन नातवंडं पुण्याहून आले होते साहेब. पंधरा दिवस राहतो म्हणे. तिसऱ्या रात्री लाइन गेली. लहानगी नात रातभर रडली. सकाळी गाडी केली अन् गेले. म्हणे बाबा, तुमच्या गावात आमच्या पुण्याहून जास्त गरम होते."

घराच्या मागे त्यांचे जुने धाब्याचे घर होते. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी पाट्यांवर मातीचा थर, बुटके दार, भिंतीत कोनाडे. आत कडबा भरलेला आणि दोन बैल बांधलेले. आम्ही भर दुपारी दोन वाजता आत शिरलो आणि अंगाला गारवा लागला. काकाजी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "पाहा साहेब. ढोरं थंडाईत अन् आम्ही गरमीत."

त्यांच्या या बोलण्यात सगळे आले. जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत पोचायलाच दिवस मावळतो, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. स्लॅबचे उलटे. पाच-सहा इंचांचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री आपण झोपलो की तीच आच खाली सोडतो. टिनाचे तर विचारूच नका. टिन तापायला तासही लागत नाही, आणि त्याखाली दुपारी बसणे म्हणजे भट्टीत बसणे. आपल्या तांड्यांवर, मजूर वस्तीत एका खोलीवर एक टिन अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे कूलर नाही, मागे धाब्याचे घरही नाही.

स्लॅबचे घर बांधू नये असे आमचे म्हणणे नाही. धाब्याला दरवर्षी माती लागते, पावसाळ्यात गळते, लाकडाला वाळवी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्यांच्याकडे जुने घर उभे आहे त्यांनी ते पाडण्यापूर्वी विचार करावा. एक खोली लिंपून-सारवून पाहुण्यांना दुपारी पडायला ठेवावी. ज्यांच्याकडे स्लॅब आहे त्यांनी मार्चमध्येच वर पांढरा चुना मारून घ्यावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबाद शहरात गोरगरिबांच्या छपरांना असा पांढरा रंग देण्याचे काम २०१७ पासून झाले आहे. टिनाच्या घरालाही हे लागू पडते. घरापुढे बांबू रोवून त्यावर पळसाच्या नाहीतर जांभळीच्या डाहाळ्यांचा मांडव घालण्याची चाल तर आपलीच. तो मांडव आता फक्त लग्नाला दिसतो, तोही कापडाचा.

धुऱ्यावरचे झाड

घरानंतर सावली. आमच्या फिरतीत आम्हाला दरसाल धुऱ्यावरची झाडे कमी दिसतात. "सावलीने पीक मरते", "ट्रॅक्टर वळत नाही", "पाइपलाइन टाकायची होती" ही कारणे ऐकायला मिळतात. काही ठिकाणी ती खरीही असतात. पण सगळ्या धुऱ्यावर एकही कडुनिंब नाही, एकही गावरान आंबा नाही, असे वावर पाहिले की प्रश्न पडतो की दुपारी पाणी देणारा माणूस टेकणार कुठे? झाड नुसती सावली देत नाही, ते पानांतून पाण्याची वाफ सोडून आसपासची हवाही निववते. झाडाखालचा गारवा मांडवाखालच्या गारव्यापेक्षा अधिक वाटतो तो यामुळेच.

आणि झाडाला, विहिरीला, उसाला आधार आहे तो जमिनीत मुरलेल्या पाण्याचा. आपल्याच पुसद तालुक्याचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले. पाणी अडविण्याची शिकवण आपल्या मातीतल्या माणसाने राज्याला दिली. तेव्हा आपल्याच नाल्यांवरचे बंधारे गाळाने भरलेले राहावे हे आपल्याला शोभणारे नाही. मे महिन्यात गाळ काढायला नाला कोरडा असतो आणि घरी जवान पोरेही आलेली असतात. एक सकाळ त्यांनाही फावडे द्यावे.

उसालाही तोच न्याय

आता आमच्या खात्याचा विषय. माणसाला जशी सावली लागते तशी जमिनीलाही लागते. ऊस तुटून गेल्यावर वावरात हेक्टरी सात ते दहा टन पाचट पडलेले असते. ते पेटवून दिले की खोडव्याची जमीन उघडी पडते आणि वैशाखाचे ऊन थेट मुळांवर येते. पाणी दिले तरी ते वाफ होऊन जाते. पाचटातले सेंद्रिय द्रव्य जळते, जिवाणू मरतात आणि पेटवताना शेजारच्याच्या धुऱ्यावरची झाडे होरपळतात ती वेगळीच.

त्याऐवजी पाचट सरीत दाबावे किंवा कुट्टी करून पसरावे. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावे आणि हलके पाणी द्यावे. आच्छादनाखाली ओल टिकते, तण कमी येते आणि पाण्याची पाळी लांबवता येते. ज्यांचा भरवसा इसापूरच्या कालव्यावर किंवा उतरत्या विहिरीवर आहे त्यांना ही लांबलेली पाळी म्हणजे पीक वाचणे आहे. विश्वास बसत नसेल तर दुपारी दोन वाजता उघड्या सरीत हात ठेवा आणि मग पाचट बाजूला सारून त्याखाली हात ठेवा. धाब्याच्या घरात आणि टिनाखाली जो फरक, तोच फरक हाताला कळेल.

पाहुण्यांची काळजी

शेवटी अगदी घरगुती पण जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून वाईट बातमी येते. ती आपल्या घरची होऊ नये म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. शहरातून आलेल्या शरीराला आपल्या उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांनी, मुख्यतः म्हाताऱ्यांनी व लहान मुलांनी, अकरा ते चार वावरात जाऊ नये. नवतपात तर नाहीच. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि घरी ताक, पन्हे, आंबील हे असलेच पाहिजे.

२. विहीर, कालवा आणि तलाव यांपाशी मुलांना एकटे सोडू नये. शहरातल्या पोरांना पोहता येत नाही आणि येत असले तरी ते हौदात शिकलेले असते. कालव्याचे काठ घसरडे, पाण्याला ओढ, वर यायला पायऱ्या नाहीत. पोहायला शिकवायचे असेल तर जाणत्या माणसाने, पाठीला डबा किंवा हवेची ट्यूब बांधून, काठावर दोर ठेवून शिकवावे.

३. रात्री बाहेर झोपणे सुखाचे, पण जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्रीच फिरते आणि झोपलेल्याला चावते, चावा कळतही नाही. बाजेवर झोपावे, मच्छरदाणीची टोके गादीखाली नीट खोचावी, उठताना विजेरी लावावी. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा.

४. उन्हात कुणाचे अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

५. जो पाहुण्याला नियम तोच मजुराला. निंदणी, खत देणे, आच्छादन ही कामे सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर घ्यावी. धुऱ्यावर सावली आणि माठ ठेवणे हे मालकाचे काम आहे. मजुरांच्या वस्तीतही कुणाची म्हातारी, कुणाचे तान्हे मूल टिनाखाली असते. आपल्या गार ओसरीवर दुपारी त्यांना बोलावले तर आपले काही कमी होत नाही.

सभासद बंधु-भगिनींनो, काकाजींची नात तीन दिवसांत परत गेली याचे दुःख आम्हालाही झाले. पोरे शहरात पोटासाठी गेली, त्याला इलाज नाही. पण वर्षातले पंधरा दिवस ती आपल्याकडे येतात, तेवढ्यातच नातवंडांना वावर कळते, ऊस कळतो, आजोबा कळतात. त्या पंधरा दिवसांत त्यांना गावात राहवले नाही तर पुढे ती येणे सोडतील, आणि मग शेअर्सवर नाव कुणाचे लावायचे हा प्रश्न घरोघरी येईल.

काकाजींनी यंदा धाब्याची पुढची खोली रिकामी करून लिंपून घेतली आहे आणि बैल बाहेर निंबाखाली बांधले आहेत. ज्या सभासदांना पाचट कुजविणारे जिवाणू हवे असतील त्यांनी आपल्या गटातील शेतकी कर्मचाऱ्याकडे नाव नोंदवावे. पाऊस पडल्यावर धुऱ्यासाठी निंब, आंबा, जांभूळ यांची रोपे ज्यांना लावायची आहेत, त्यांनी खड्डे याच महिन्यात खोदून उन्हात तापू द्यावेत. पाहुणे पोरांकडून ते खोदून घेतल्यास उत्तम.

— ऊस विकास अधिकारी